टाऊ वाईट असतं का? चेतापेशी आपला आकार कसा घडवते

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात तळमजल्यावरच्या काकूंनी मला थांबवलं. हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. "अगं, हे टाऊ म्हणजे काय गं? रक्तात सापडलं की माणूस सगळं विसरतो म्हणे." वर्षभरापासून काकांना नावं आठवत नाहीत. दोनदा गॅस तसाच चालू राहिला. मुलाने तपासणीचं मनावर घेतलंय आणि त्या कात्रणातला एकच शब्द काकूंच्या डोक्यात घर करून बसलाय.

शब्द बातम्यांत आला त्याचं कारण असं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला मंजुरी दिली. ती चाचणी रक्तातल्या दोन प्रथिनांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण पाहते: एक अमायलॉइड, जे अल्झायमरमध्ये मेंदूत साचतं, दुसरं पी-टाऊ २१७. तेव्हापासून 'टाऊ' म्हणजे काहीतरी विषारी, असा समज पसरलाय.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. काकूंना सांगितलं, "काकू, टाऊ तुमच्याही डोक्यात आहे, माझ्याही. ते नीट काम करतंय म्हणून आपण आत्ता बोलतोय." त्यावर त्या म्हणाल्या, "मग ते करतं तरी काय?" हा प्रश्न खरा. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी चेतापेशीचा आकार समजून घ्यावा लागतो, कारण टाऊ हे त्या आकाराशी जोडलेलं प्रथिन आहे.

## खोली चर्चगेटला, बोटं विरारला

आपल्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. शाळेत आपण त्यांची आकृती काढली आहे: मध्ये गोलसर पेशीकाय, त्याला झाडासारख्या फांद्या, म्हणजे वृक्षिका, आणि एक लांब शेपटी, म्हणजे अक्षतंतू. वृक्षिका निरोप घेतात, अक्षतंतू निरोप पुढे नेतो. आकृती बरोबर असते, पण तिची मापं फसवी असतात. वहीच्या पानावर मावावी म्हणून शेपटी चार बोटांची काढलेली असते.

खरी मापं घेऊ. कमरेपाशी मणक्यातली एक चेतापेशी पायाच्या बोटापर्यंत तंतू पाठवते. पेशीकाय साधारण ०.०५ मिलिमीटरचा आणि तंतू जवळपास एक मीटर. आता पेशीकाय चाळीतल्या दहा फुटी खोलीएवढा फुगवा. ती खोली चर्चगेट स्टेशनात आहे असं धरलं, तर तिचा तंतू थेट विरारला पोचेल. साठ किलोमीटर. आणि जाडी? जेमतेम एक-दोन फूट. दहा फुटांच्या एका खोलीने चर्चगेटवरून हात लांब करून विरारला बोटं टेकवायची, वाटेत कुठे तुटायचं नाही, आणि हे ऐंशी वर्षं टिकवायचं. कारण चेतापेशी बहुतेक आयुष्यभर तीच राहते, त्वचेसारखी बदलत नाही.

पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पातळ पिशवी. पाण्याच्या थेंबाला स्वतःचा असा आकार गोलच. मग हा साठ किलोमीटरचा हात निघतो कसा आणि टिकतो कसा?

## सांगाडा, पण हाडांचा नव्हे

पेशीच्या आत प्रथिनांच्या तंतूंचा एक सांगाडा असतो. तो तीन प्रकारच्या धाग्यांचा बनतो.

सर्वांत जाड सूक्ष्मनलिका. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे लाखो कण एकावर एक रचून झालेली पोकळ नळी, जाडी २५ नॅनोमीटर. आपल्या चर्चगेट-विरार हिशेबात ही नळी बारीक शेवेएवढी भरेल. अक्षतंतूच्या आत अशा नळ्यांचे जुडगे लांबीच्या दिशेने पसरलेले असतात. एकच नळी टोकापासून टोकापर्यंत जात नाही, लहान-लहान नळ्या एकमेकींच्या शेजारून पुढे सरकत जातात, जसे मांडवाचे बांबू जोडून लांब करतात.

सर्वांत बारीक अ‍ॅक्टिनचे धागे, सुमारे ७ नॅनोमीटरचे. ते पेशीच्या कडेला, पडद्याखाली जाळी विणतात. पेशीची हालचाल, ढकलणं, चाचपणं हे त्यांचं काम. स्नायू आकुंचन पावतात तेही याच प्रथिनाच्या जोरावर.

तिसरे न्यूरोफिलामेंट, मधल्या जाडीचे. अक्षतंतूला जाडी आणि मजबुती देतात. त्यांच्याबद्दल इथे एवढंच पुरे.

इथे 'सांगाडा' शब्दाने घोटाळा होतो. सांगाडा म्हटलं की आपल्याला हाडं दिसतात, घट्ट आणि मुकाट. हा सांगाडा तसा नाही. तो अखंड मोडत आणि बांधला जात असतो, आणि या लेखातलं पुढचं सगळं त्या एका गोष्टीवर उभं आहे. म्हणून तिथे जरा थांबू.

## गजऱ्याची शेवटची गाठ

दादरच्या फुलबाजारात गजरा करणाऱ्या बाईंची बोटं पाहा. फूल ठेवायचं, दोऱ्याचा फास टाकायचा, पुढचं फूल. शेवटची गाठ घट्ट धरली आहे तोवर गजरा वाढत राहतो. गाठ बसायच्या आधी दोरा सुटला, तर फास एकामागून एक उलगडतात आणि फुलं टोपलीत परत पडतात. फुलं वाया जात नाहीत. त्यांचाच दुसरा गजरा होतो.

सूक्ष्मनलिका अशाच वागतात. ट्युब्युलिनचा प्रत्येक नवा कण येताना थोडी रासायनिक ऊर्जा घेऊन येतो. टोकावरचे ताजे, ऊर्जा शाबूत असलेले कण म्हणजे ती गाठ. आत गेलेल्या कणांची ऊर्जा थोड्याच वेळात खर्च होते. टोकाला नव्या कणांचा पुरवठा कमी पडला की गाठ सुटते आणि नळी झपाट्याने उसवत जाते. सुटे कण जवळच दुसरीकडे नवी नळी बांधायला लागतात. टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८४ मध्ये हे दाखवून दिलं. एकाच वेळी शेजारची एक नळी वाढत असते आणि दुसरी कोसळत असते, ही गोष्ट तेव्हा अनेकांना पटायला जड गेली.

ट्युब्युलिन सापडलं कसं, त्याचा एक धागा आपल्या सह्याद्रीपर्यंत येतो. पावसाळ्यात कोकणातल्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येतात, ती कळलावी. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं. युरोपातल्या दुसऱ्या एका झाडातही ते असतं आणि अगदी अल्प मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर वापरलं जातं. कोल्चिसिन पेशीचं विभाजन थांबवतं हे माहीत होतं. १९६७ मध्ये गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी ते पेशीत नेमकं कशाला चिकटतं याचा माग काढला. विभाजन करणाऱ्या पेशींत ते सापडणं अपेक्षितच होतं. पण ते मेंदूतही भरपूर चिकटलं, आणि मेंदूतल्या चेतापेशी तर विभाजन करतच नाहीत! ज्या प्रथिनाला ते चिकटत होतं ते ट्युब्युलिन. मेंदू त्याने गच्च भरलेला आहे, कारण त्या सगळ्या लांबच लांब हातांत नळ्याच नळ्या आहेत.

आजही भारतातल्या प्रयोगशाळा ट्युब्युलिन मिळवतात ते बकऱ्याच्या मेंदूतून. खाटिकाकडचा ताजा भेजा बर्फात घालून आणायचा. थंडीत नळ्या विरघळतात, ३७ अंशांना पुन्हा बांधल्या जातात. गार करा, गाळ काढा, कोमट करा, नळ्या गोळा करा, पुन्हा गार करा. दोन-चार फेऱ्यांत ट्युब्युलिन बरंचसं शुद्ध होतं. परीक्षानळीत नुसतं तापमान बदलून सांगाडा उभा राहतो आणि विरतो.

पण मग पेशी एवढी मोडतोड का करते? एकदाच नीट बांधून का ठेवत नाही? कारण कुठे बांधायचं हे तिला आधी माहीत नसतं. नळ्या चहूदिशांना वाढतात. जिला टोकाला आधार मिळाला ती टिकते, बाकीच्या कोसळतात आणि त्यांचा माल दुसरीकडे लागतो. वाट शोधायची तर चुकीच्या वाटेवरून परत फिरता यायला हवं.

## अंधारात चाचपणारा पंजा

१८९० मध्ये स्पेनचा सांतियागो रामोन इ काहाल कोंबडीच्या गर्भाचे रंगवलेले छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. वाढत्या अक्षतंतूंच्या टोकाला त्याला एक फुगीर, बोटं फुटलेला भाग दिसला. मेलेल्या ऊतीतलं स्थिर चित्र पाहून त्याने ताडलं की हा जिवंतपणी वाट काढत पुढे सरकणारा अवयव आहे. या टोकाला वृद्धिशंकू म्हणतात. मी त्याला पंजा म्हणेन, तो दिसतो तसाच. काहालचा अंदाज बरोबर असल्याचं १९०७ मध्ये अमेरिकेच्या रॉस हॅरिसनने डोळ्यांनी पाहिलं. बेडकाच्या गर्भातला चेतापेशींचा तुकडा त्याने द्रवाच्या लोंबत्या थेंबात जिवंत ठेवला, आणि तंतू त्याच्यासमोर वाढले.

पंज्याची बोटं अ‍ॅक्टिनची असतात. कडेला अ‍ॅक्टिनचे धागे सतत पुढे वाढतात, त्याच वेळी मागून त्यांना आत ओढलं जातं. म्हणजे धडपड भरपूर, प्रगती शून्य. पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या रिक्षाचं चाक आठवा. चाक गरागरा फिरतं, रिक्षा जागची हलत नाही. चाकाखाली गोणपाट सरकवलं की पकड मिळते आणि तेच फिरणं रिक्षाला पुढे काढतं. पंज्याच्या बोटाला बाहेर चिकटायला योग्य रेणू सापडला की तो रेणू गोणपाटाचं काम करतो. आतले धागे मागे सरकायचे थांबतात, कडा पुढे जाते. मग मोकळ्या झालेल्या जागेत मागून सूक्ष्मनलिका शिरतात आणि ती वाट पक्की होते. अ‍ॅक्टिन चाचपतं, नळ्या शिक्कामोर्तब करतात.

कुठल्या दिशेला पकड मिळेल हे भोवतालच्या पेशी ठरवतात. त्या काही रेणू सोडतात, पंजा त्यांच्याकडे वळतो किंवा त्यांच्यापासून दूर पळतो. वाट दाखवणाऱ्या अशा एका प्रथिनाचं नाव १९९४ मध्ये ठेवलं गेलं 'नेट्रिन'. ते आपल्या ओळखीच्या संस्कृत 'नेतृ' शब्दावरून घेतलंय, म्हणजे नेणारा. आपला 'नेता' त्याच घरातला. पंज्याला मागे हटवणाऱ्या प्रथिनांच्या एका कुळाला सेमाफोरिन म्हणतात, रेल्वेच्या जुन्या हात वर-खाली होणाऱ्या सिग्नलवरून.

## चार-पाच सारखे अंकुर, अक्षतंतू एकच

उंदराच्या मेंदूतली कोवळी चेतापेशी काचेच्या बशीत ठेवली तर ती आधी गोल असते. मग तिला चार-पाच अंकुर फुटतात, सगळे सारखे. दिवसभर ते थोडे वाढतात, थोडे मागे येतात. मग अचानक त्यातला एक सुसाट सुटतो. तो अक्षतंतू. बाकीचे सावकाश वृक्षिका होतात. १९८८ मध्ये कार्लोस डॉटी, गॅरी बँकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही क्रमवारी लावली.

त्या एकात विशेष काय? त्याच्या पंज्यातलं अ‍ॅक्टिनचं जाळं इतरांपेक्षा सैल असतं, म्हणून नळ्यांना पुढे घुसायला वाट मिळते. हे नुसतं योगायोगाने एकत्र दिसतं की हेच कारण आहे? १९९९ मध्ये फ्रँक ब्राडके आणि डॉटी यांनी एकाच अंकुराच्या टोकापाशी अ‍ॅक्टिन सैल करणारं द्रव्य सोडलं. तोच अंकुर अक्षतंतू झाला. पुढे २००८ मध्ये नळ्या टिकवून धरणारं द्रव्य एका अंकुराला देऊनही तेच घडलं. आणि झालेला अक्षतंतू मुळाजवळ कापला, तर वृक्षिका होण्याच्या वाटेवर असलेला दुसरा अंकुर त्याची जागा घेऊ शकतो.

माझ्या वर्गात हे सांगितलं की एखादा हात हमखास वर येतो.

## "पण मॅडम, हे सगळं जनुकांत लिहिलेलं नसतं का?"

ट्युब्युलिन कसं बनवायचं, अ‍ॅक्टिन कसं बनवायचं, हे जनुकांत असतं. कुठली फांदी कुठे वळेल याचा नकाशा त्यात नसतो. माणसाची प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास आणि चेतापेशी ८६०० कोटी, प्रत्येकीच्या फांद्या वेगळ्या. तो नकाशा तिथे मावणारच नाही. जनुकं माल आणि नियम देतात. आकार जागेवर घडतो, चाचपत, मोडत, पुन्हा बांधत. म्हणूनच एकसारखी जनुकं असलेल्या जुळ्यांच्याही चेतापेशींच्या फांद्या तंतोतंत सारख्या नसतात.

आणि हे घडणं बालपणी संपत नाही. वृक्षिकांवर बारीक काट्यांसारखे उंचवटे असतात, तिथे दुसऱ्या पेशीचा निरोप येऊन पोचतो. त्या काट्यांच्या आत अ‍ॅक्टिन ठासून भरलेलं असतं. आपण नवं काही शिकतो तेव्हा काही काटे फुगतात, काही नवे येतात, काही जातात. हे वाचताना तुमच्याही डोक्यात तेच चाललंय.

## अप आणि डाउन

सूक्ष्मनलिका नुसते खांब नाहीत, त्या रूळही आहेत. प्रथिनं बनवण्याचं बहुतेक काम पेशीकायात चालतं, म्हणजे आपल्या हिशेबात चर्चगेटच्या खोलीत. विरारच्या बोटांना लागणारा माल तिथून पाठवावा लागतो. तो वाहून नेणारी प्रथिनं नळीवरून अक्षरशः पावलं टाकत चालतात, एक पाऊल ८ नॅनोमीटरचं. अक्षतंतूत सगळ्या नळ्यांची तोंडं एकाच दिशेला, बाहेर, असतात. त्यामुळे कायनेसिन नावाचा हमाल डाउन, म्हणजे विरारकडे, जातो, डायनीन नावाचा अप, म्हणजे चर्चगेटकडे, येतो. वृक्षिकांत नळ्या दोन्ही दिशांना तोंड करून असतात, म्हणून तिथे वेगळा माल पोचतो. एकाच पेशीच्या दोन भागांची कामं निराळी राहतात, त्यामागे रुळांची ही दिशाही आहे.

वेग? जलद माल दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत अडीच दिवस. पण खुद्द सांगाड्याचा माल, ट्युब्युलिन, जातो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. एका मीटरला पावणेतीन वर्षं. हा आकडा लक्षात ठेवा.

आपण गुडघा वाकवतो, हात ताणतो, तेव्हा हे तंतू तुटत का नाहीत? २०१३ मध्ये अतिसूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की अक्षतंतूच्या पडद्याखाली अ‍ॅक्टिनची कडी असतात, दर १९० नॅनोमीटरला एक, आणि दोन कड्यांमध्ये स्पेक्ट्रिन नावाचं लवचीक प्रथिन. गटार उपसणाऱ्या गाडीचा कड्याकड्यांचा पाइप वाकतो पण चिमटत नाही, तशी रचना. ज्या सूक्ष्म कृमींत हे स्पेक्ट्रिन नसतं त्यांचे अक्षतंतू नुसत्या वळवळण्याने तुटतात. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेबरोबर २०२० मध्ये हे तंतू ओढून पाहिले आणि स्पेक्ट्रिनचं जाळं गाडीच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरसारखं ताण शोषतं असं दाखवलं. आपल्या कोलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा त्याच जातीच्या कृमींत अक्षतंतूतली वाहतूक पाहते. तो कृमी पारदर्शक आहे, जिवंतपणी आतली ये-जा दिसते.

## मग टाऊ कुठे बसतं?

आता काकूंच्या प्रश्नाकडे. मांडवाचे बांबू सुंभाने बांधतात. टाऊ हे अक्षतंतूतलं सुंभ. ते सूक्ष्मनलिकांना लांबीच्या अंगाने चिकटतं आणि त्यांच्या जुडग्याला सांभाळतं. १९७५ मध्ये कर्शनर यांच्याच प्रयोगशाळेने ते शोधलं, ट्युब्युलिनला नळ्या बांधायला मदत करणारं प्रथिन म्हणून. अल्झायमरशी त्याचा संबंध आहे हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं.

टाऊवर पेशी फॉस्फेटचे छोटे रासायनिक टिळे लावते आणि पुसते. टिळे लागले की त्याची पकड सुटते. हे रोजचंच आहे, कारण जिथे सतत मोडायचं आणि बांधायचं तिथे सुंभही सोडता यायला हवं. 'पी-टाऊ २१७' मधला 'पी' म्हणजे फॉस्फेट आणि २१७ म्हणजे टाऊच्या साखळीतली टिळ्याची जागा.

अल्झायमरमध्ये टिळ्यांचा अतिरेक होतो. नळ्यांवरून सुटलेलं टाऊ एकमेकांत अडकतं आणि त्याचे पीळ पडतात. पीळ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते तंतू दोरखंडासारखे पिळलेलेच दिसतात. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी आपल्या रुग्ण महिलेच्या मेंदूतल्या या गाठींचं वर्णन केलं. त्यातलं मुख्य प्रथिन टाऊ आहे हे कळायला १९८० चं दशक उजाडलं. 'सुंभ जळलं तरी पीळ जात नाही' असं आपण म्हणतो. इथे ते शब्दशः घडतं: चेतापेशी मरून विरून जाते आणि तिच्या जागी टाऊची पिळलेली गाठ तशीच पडून राहते.

## "म्हणजे टाऊ सुटलं, नळ्या कोसळल्या, स्मृती गेली?"

इतकं सरळ नाही. १९९४ मध्ये टाऊ अजिबात नसलेले उंदीर तयार केले गेले, आणि ते जगले, बरेचसे ठीक राहिले. त्याच्यासारखी इतर प्रथिनं बरंचसं सांभाळून घेतात. २०१८ मधल्या एका अभ्यासाने तर असं सुचवलं की टाऊ नळ्यांना घट्ट करण्यापेक्षा त्यांची टोकं वाढती, बदलती ठेवायला मदत करत असावं. म्हणजे माझी सुंभाची उपमा अर्धीच खरी आहे. सुंभ नुसतं आवळून ठेवतं, टाऊ बहुधा दुरुस्तीला जागाही ठेवतं. नुकसान टाऊ कमी पडल्याने जास्त होतं की पिळलेल्या टाऊच्या त्रासाने, यावर वाद आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, त्या उंदरांमुळेच.

"मग टाऊवर औषध?" गेल्या काही वर्षांत मंजूर झालेली लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही औषधं अमायलॉइड काढतात, टाऊ नव्हे, आणि ती आजाराची गती कमी करतात, गेलेलं परत आणत नाहीत. टाऊवर बेतलेल्या अनेक औषधांच्या मानवी चाचण्या अपयशी ठरल्या.

"मग ती रक्तचाचणी सगळ्यांनी करून घ्यावी?" नको. अमेरिकेतली मंजुरी ५५ वर्षांवरच्या आणि स्मृतीची लक्षणं दिसणाऱ्या रुग्णांसाठी आहे, तीही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, इतर तपासण्यांच्या जोडीला. विसरभोळेपणा थायरॉइडमुळे, बी-१२ कमी पडल्याने, नैराश्याने, औषधांनीही येतो. काकांना आधी चेतातज्ज्ञाकडे न्यावं, एवढंच मी काकूंना सांगितलं.

## ग्रहणाचा दोष नव्हे

हाच सांगाडा गर्भात बिघडला तर काय होतं हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गर्भाच्या मेंदूत चेतापेशी खोल आत जन्मतात आणि बाहेरच्या थरापर्यंत सरपटत जातात. त्या प्रवासात नळ्या आणि डायनीन पेशीच्या केंद्रकाला पुढे ओढतात. डायनीनच्या साथीदाराच्या एका जनुकात बिघाड झाला तर पेशी अर्ध्या वाटेवर राहतात, मेंदूला वळ्या पडत नाहीत, तो गुळगुळीत राहतो. ते जनुक १९९३ मध्ये सापडलं. १९९८ मध्ये नळ्यांना आधार देणाऱ्या डबलकॉर्टिन प्रथिनाचं जनुक सापडलं. ते एक्स गुणसूत्रावर आहे. मुलाकडे एक्स एकच, त्यामुळे त्याचा मेंदू गुळगुळीत राहतो. मुलीकडे दोन, म्हणून तिच्या काही पेशी पोचतात, काही वाटेत थांबतात, आणि मेंदूत एकाखाली एक असे दोन थर दिसतात.

अशा बाळांना फिट्स येतात, वाढ मागे पडते. आणि आपल्याकडे आईला विचारलं जातं: ग्रहणात बाहेर गेली होतीस का? काही चिरलंस का? पपई खाल्लीस? या बिघाडांपैकी बरेचसे तर आईवडिलांत नसतात, नव्यानेच उद्भवतात. त्या आईने काहीही चुकीचं केलेलं नसतं.

## कुंडीतली सदाफुली आणि बधिर बोटं

मुंबईत ज्या खिडकीत दुसरं काही जगत नाही तिथेही सदाफुली फुलते. तिच्यापासून व्हिनक्रिस्टीन हे औषध मिळालं, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही वापरतात. ते ट्युब्युलिनला नळी बांधू देत नाही. पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं औषध, अमेरिकेतल्या एका वृक्षाच्या सालीतून मिळालेलं, नेमकं उलट करतं: बांधलेली नळी मोडू देत नाही. सुझन हॉर्विट्झ यांनी ते १९७९ मध्ये दाखवलं. दोन्हींनी कर्करोगाच्या पेशीचं विभाजन थांबतं, कारण विभाजनाला नळ्या बांधाव्याही लागतात आणि मोडाव्याही.

आणि दोन्हींनी चेतापेशी दुखावतात. विभाजन न करणारी पेशी का दुखावते? कारण तिचाही आकार अखंड बांधण्या-मोडण्यावर उभा आहे. बांधणं थांबवा, ती आजारते. मोडणं थांबवा, तरी आजारते. सांगाडा हाडासारखा मुकाट असता तर मोडणं थांबवण्याने काहीच बिघडायला नको होतं.

माझ्या मावशीला स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल दिलं होतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून पायाची बोटं बधिर व्हायला लागली, मग हाताची. ब्लाउजचे हूक लावता येईनात. स्टेशनवर चप्पल पायातून निसटली आणि दहा पावलं गेल्यावर शेजारणीने सांगितलं तेव्हा कळलं. मोजे आणि हातमोजे घातल्यासारखी ही बधिरता येते, कारण सगळ्यात लांब तंतू सगळ्यात आधी अडचणीत येतात. विरारचा पुरवठा आधी तुटतो, दादरचा नंतर. "एवढ्या मोठ्या आजारात हे काय सांगायचं" म्हणून मावशी डॉक्टरांशी बोललीच नाही. असं करू नका. मुंग्या यायला लागल्या की लगेच सांगा. मात्रा किंवा अंतर बदलता येतं. स्वतःहून औषध मात्र थांबवायचं नाही.

आणि सदाफुलीची पानं-फुलं मधुमेहावर चावून खाणारे लोक मी पाहिलेत. टनावारी पानांतून शुद्ध करून मिळणारं ते औषध काही ग्रॅम भरतं, आणि तेही मोजून शिरेतून देतात. पानात काय किती आहे हे चावणाऱ्याला कळत नाही. मधुमेहाने आधीच तळपाय बधिर होत असलेल्या माणसाने तर त्या वाटेला जाऊच नये.

## "बधिरता जाते का? तुटलेली नस जुळते का?"

मेंदू आणि मणक्याबाहेरच्या नसा पुन्हा वाढू शकतात. संक्रांतीला मांज्याने मनगट कापून नस तुटली आणि शल्यचिकित्सकाने ती शिवली, तर कापल्या टोकाला पुन्हा काहालचा तो पंजा फुटतो आणि जुन्या वाटेने दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकतो. हा तोच मघाचा आकडा, सांगाड्याचा माल पोचण्याचा वेग. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहा महिने. डॉक्टर नसेवर टिचकी मारत खाली येतात. जिथे झिणझिणी येते तिथवर तंतू पोचलाय.

मणक्यातला तंतू तुटला तर पंज्याऐवजी एक सुजलेला गोळा तयार होतो, ज्यात नळ्या अस्ताव्यस्त पडलेल्या असतात. भोवतालचा व्रणही वाट अडवतो. २०११ मध्ये जखमी उंदरांना पॅक्लिटॅक्सेल अगदी अल्प मात्रेत दिलं तेव्हा व्रण कमी झाला आणि तंतू थोडे पुढे गेले. जे औषध मोठ्या मात्रेत बोटं बधिर करतं, तेच. माणसांसाठी हा उपचार अजून नाही.

मावशीचे उपचार संपून आता दोन वर्षं होतील. आधी मनगटाजवळची जाणीव आली, मग तळहाताची, मग बोटांची. हूक ती स्वतः लावते. पायांत घोट्यापासून खाली सावकाश उतरत आलंय. डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे. रोज रात्री तेल लावताना ती तो डोळे मिटून चिमटून पाहते.